अपडेटभाऊंचा आवाज

पूर्ण झालेल्या वस्तूत भाऊंना काडीचा रस नसे. गणपतीत अख्खी मुंबई लालबागला लोटायची, तेव्हा हा माणूस आमच्या काळाचौकीच्या चाळीत पाय पसरून बसलेला. त्यांचं दर्शन महिनाभर आधीच उरकलेलं असे, कारखान्यात, रंग न लागलेल्या मूर्तींसमोर. "तयार झाल्यावर काय, कोणीही बघतो," असं म्हणायचे. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या खोलीत आले, तेव्हापासून हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, देवच जाणे.

एका खाजगी कंपनीतून टायपिस्ट म्हणून ते निवृत्त झाले. लेकीने, सुमाने, टॅबलेट घेऊन दिला आणि चाळीला अपडेटभाऊ मिळाले. लोक आलेलं अपडेट पुढे ढकलतात. भाऊ न आलेलं मागवायचे. नवी सिस्टीम बाजारात आणण्याआधी कंपनी ती हौशी लोकांना कच्चीच वापरायला देते, तिला प्रिव्ह्यू म्हणतात. भाऊ त्यात नाव नोंदवून बसलेले. मग आज कॅमेरा उघडत नाही, उद्या घड्याळ भलतीच वेळ दाखवतंय. चुका शोधायच्या आणि कंपनीला 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत रीतसर इंग्रजी पत्र धाडायचं. उत्तर कधी आलं नाही. माझा मोबाइलही त्यांनी एकदा असाच झोपवला होता. मी चांगली खरडपट्टी काढली, तर शांतपणे म्हणाले, "अगं, अडकलाय फक्त. अडकला म्हणजे मेला असं नसतं."

मग वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली. दिवसभर गॅलरीत गप्पा मारणारी बाई गप्प झाली. भाऊंनी टॅबलेटवर एक ॲप बसवलं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येणार. पेला दाबला की "पाणी हवं", बिछाना दाबला की "पडते जरा". बाईच्या तोंडी बाईचाच आवाज हवा म्हणून सगळे शब्द माझ्याकडून बोलून घेतले. वहिनी पुन्हा बोलू लागल्या. भांडूसुद्धा लागल्या, फार बरं वाटलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण नव्या प्रिव्ह्यूत थरथरत्या बोटालाही बटण नीट लागतं, असं भाऊंनी कुठेतरी वाचलं, आणि वहिनींचं बोट थरथरायचं. हेतू चांगला होता हो, तरी मी चिडायची ती चिडलेच. अपडेट अर्ध्यात येऊन फसायचं. भाऊंनी टॅबलेटवरची जागा रिकामी केली, वायफाय सोडून मोबाइलचं नेट लावलं, पुन्हा चालवलं. या खेपेला टॅबलेट बंद होऊन चालू झाला आणि पडद्यावरची पट्टी सरकायचीच थांबली. काही केल्या हलेना. वहिनी त्या पडद्यावर बोट ठेवून भाऊंकडे बघत बसायच्या. ते बघवत नव्हतं.

आता एकच उपाय उरला, सगळं पुसायचं आणि सिस्टीम कोरी बसवायची. बॅकअप लॅपटॉपवर होता, पण तो कच्च्या सिस्टीमचा. जुन्या पक्क्या सिस्टीमवर चढत नाही, हे भाऊंना तेव्हा कळलं. म्हणजे पुन्हा प्रिव्ह्यूच, मुळापासून. केबल जोडली, पुसायच्या बटणापाशी आले आणि थांबले. उठून टॅबलेटसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि कोकणात गावी घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या हावरटपणान काय चुकला-माकला आसात तां माफ कर, आणि माझ्या घरकारणीची वाचा परत दी रे म्हाराजा." एवढी रागावलेली मी, पण "होय म्हाराजा" म्हटलंच.

टॅबलेट उघडला. बॅकअपमधून चित्रं सगळी आली, आवाज एकही आला नाही. पेला मुका, बिछाना मुका. मी म्हटलं, आणा इकडे, मी परत बोलते. वहिनींनी जोरात मान हलवली आणि भाऊंच्या छातीवर बोट ठेवलं.

मग भाऊ बोलले. जन्मभर ऑफिसात शुद्ध बोलणारा माणूस, पण तिथे घरचीच भाषा आली. "पाणी दी गो", "पंखो लाय गो", आयुष्यभर बायकोला सांगत आले तसंच. वहिनी ते सगळं त्यांच्याच अंगावर सोडायच्या. स्वतःच्याच आवाजात "चाय ठेव गो" ऐकून भाऊंना उठावं लागे. "जल्मभर हिका हुकूम सोडलंय, आता माझेच हुकूम माकाच," असं पुटपुटत चहा ठेवायचे, आणि खूश असायचे. मोबाइलवर त्यांचे उद्योग चालूच राहिले. त्या टॅबलेटला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. सुमा आता आईकडे राहायला आली आहे. परवा मी त्यांच्याकडे बसले असताना टॅबलेटवर सूचना आली. सुमाने वाचून आईला समजावलं, की नवी सिस्टीम आता पक्की होऊन आली आहे, तिच्यात बाईचा छान मराठी आवाज आहे. सगळं पुसून कोरं बसवू या. चारचौघांत बाबांच्या आवाजात बोलतेस, कसं वाटतं ते?

वहिनींनी टॅबलेट मांडीवर ओढून घेतला आणि फुलीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"नको गो," भाऊ म्हणाले.