साडूंची तळघर टॉकीज

अमेरिकन सिनेमाचं वाटोळं कधी आणि कसं झालं, हे साऱ्या जर्मनीत फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस दुर्दैवाने माझा साडू आहे. रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात ते ब्रेकचं काम बघतात. मीही तिथेच इंजिनिअर आहे, पण माझ्याकडे कोणी कान देत नाही. त्यांच्याकडे नुसती कोथिंबीर मागायला जा, सत्तरच्या दशकातलं हॉलिवूड पदरात घेऊनच परतावं लागतं. तेव्हा म्हणे स्टुडिओचे मालक इतके गोंधळले होते की त्यांनी दाढीवाल्या पोरांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्या पोरांनी नायक शेवटी हरतो असे सिनेमे काढले. लोक एकमेकांना सांगत, मग हळूहळू थिएटर भरे. पुढे कोणाला तरी सुचलं, टीव्हीवर जाहिराती करून ऐन उन्हाळ्यात एकदम शेकडो थिएटरांत सिनेमा लावावा. "झालं. तीन दिवसांत निकाल लागायला लागला," साडू सांगतात. "मग मॉलमध्ये बारा-बारा पडदे आले, घरोघरी कॅसेट आली आणि हरणारा नायक गेला." हे ऐकून माझी बायको हळहळते. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा ती इतकी हळहळली नव्हती.

या हरणाऱ्या नायकांसाठी त्यांनी घराखालच्या केलरमध्ये टॉकीज काढली आहे. जुन्या बाजारातून गोळा केलेल्या कॅसेटी आणि एक खरखरणारा व्हीसीआर, एवढाच संसार. पण या देशात सगळे अमेरिकन सिनेमे जर्मन बोलतात आणि न्यूयॉर्कचा गुंड शुद्ध जर्मन बोलू लागला की साडूंना जेवण जात नाही. म्हणून ते आवाज बंद करून सगळ्यांची कामं स्वतः मराठीत करतात. दरोडेखोर सातारी बोलतात, वकील सदाशिव पेठी. रविवारी दुपारी शेजाऱ्यांना शांतता लागते, म्हणून गोळीबारही कुजबुजत होतो. बरोब्बर मध्यावर इंटरव्हल असतो, कारण बटाटेवड्याशिवाय सिनेमा बघणं त्यांना रानटीपणा वाटतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझा चौदा वर्षांचा मुलगा दर रविवारी तिथे जातो. मी मराठीत काही विचारलं की तो जर्मनमध्ये "या, पापा, गेनाऊ", म्हणजे हो बाबा, बरोबर, असं म्हणून दार लावून घेतो. तोच मुलगा इंटरव्हलमध्ये "काका, मग त्या स्टुडिओवाल्यांची तंतरलीच असणार," असं म्हणताना मी जिन्यात उभा राहून ऐकलं. त्या दिवशी मी वडा न खाता घरी आलो. मला साडूंचा हेवा वाटतो, स्पष्टच सांगतो. जे मला माझ्या घरात जमलं नाही, ते त्यांनी तळघरात करून दाखवलं.

गेल्या रविवारी त्यांचा घसा बसला. मेहुणीचा फोन आला, "भावोजी, आज तुम्ही या. ह्यांना आवाजच नाहीये." मी जवळजवळ धावतच गेलो. पण पाच मिनिटांत माझा दरोडेखोर मीटिंगमध्ये बसल्यासारखा बोलू लागला: "आल्झो, तर आता आपण बँकेत शिरूया." मुलाने कपाळावर हात मारला आणि सगळी कामं स्वतःकडे घेतली. शेवटाकडे एक म्हातारा बाप मुलाला बसस्टॉपवर सोडायला येतो. माझा मुलगा त्या बापाच्या वतीने घसा खाकरून म्हणाला, "जॅकेट घेतलंस? पोचलास की फोन कर. मी काही म्हणत नाही, पण कर."

तो मी होतो. खाकरण्यासकट.

"माझी नक्कल कधी शिकलास?" मी विचारलं.

"मी नाही, काका करतात. सगळ्या पिक्चरमधले बाबा तुझ्यासारखेच बोलतात. तुला माहीत नव्हतं?"

साडू पायाकडे बघत होते. त्यांना मूलबाळ नाही. बसलेल्या घशातून ते कसेबसे म्हणाले, "बाप कसा बोलतो ते मी तुमच्याकडूनच उचललं. आमच्यावर कुठे ती वेळ आली."

पडद्यावरची बस केव्हाच निघून गेली होती. सगळी नावं वर सरकून पडदा निळा होईपर्यंत आम्ही तिघे तसेच बसून राहिलो.