पट्टीची धार

बडोद्यात एका छोट्या कारखान्यात मी पाण्याचे मीटर तपासायचे. नळीतून किती पाणी गेलं हे सांगणारे मीटर. आत पाण्याच्या वाटेत एक आडवी स्टीलची पट्टी असते. पाणी तिला वळसा घालताना मागे भोवरे सुटतात आणि सेन्सर ते मोजतो.

एकदा एका औषध कंपनीकडून आमचे पाच मीटर परत आले. प्रवाह कमी झाला की आकडा चुकतो, अशी तक्रार. सरांनी सर्किट बदलायला लावलं. फरक शून्य. मग म्हणाले, "त्यांच्याच पाइपात गडबड असेल. तसं पत्र लिहून टाक."

"दोन दिवस द्या सर. खात्री झाल्याशिवाय मी लिहिणार नाही."

मीटरमधून गेलेलं पाणी टाकीत धरायचं, टाकी काट्यावर तोलायची आणि मीटरचा आकडा ताडून बघायचा, असं मी सुरू केलं. पाणी जोरात असलं की जुळायचं. धार बारीक केली की मीटर कमी दाखवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी चिंब भिजले होते. शेवटी मीटर उघडून पट्टीच्या कडेवर बोट फिरवलं. कड गोल, गुळगुळीत!

जोडणी करणारे गुजराती काका शेजारीच होते. "ही कड कोणी घासली, काका?"

"मीच, बेन. बसवताना बोटं कापायची. आणि दिसते पण सरस ने?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून मला सांगवेना. मी न घासलेली पट्टी बसवली आणि त्यांच्यासमोर तीच बारीक धार सोडली. आकडा जुळला. पुन्हा केलं, पुन्हा जुळला.

"एवढ्याशा कडेनं?" काका काट्याकडे बघत राहिले.

"कड तीक्ष्ण असली की पाणी तिथेच सुटतं. गोल असली तर कुठूनही सुटतं, आणि मंद पाण्यात भोवरा इतका दुबळा होतो की सेन्सरला कळतच नाही."

त्या दिवशी काकांनी चहाही घेतला नाही.

"घासली कोणी?" सरांनी मला विचारलं.

"घासू नका असं आपण ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेलं नाही, सर. चूक आपली आहे."

सरांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं. मी लाल अक्षरांत इंग्रजीत सूचना लिहिली.

सकाळी काका चामड्याचे हातमोजे घालून आले आणि उरलेल्या चारही पट्ट्या त्यांनीच बदलल्या. मग ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बेन, गुजरातीमां पण लखो."

मी लिहिलं. ते मीटर पुन्हा परत आले नाहीत.