मॉनिटरने शिकवलेलं ‘हो साहेब’

कोर्टात मित्राच्या नावाचा पुकारा झाला आणि उभा राहिलो मी. नुसता उभा राहिलो नाही, हात जोडून "हो साहेब" म्हणालो. आठवडाभर घरी तालीम चालली होती. आरोपीने कसं उभं राहायचं ते दाखवायला आरोपी मी व्हायचो, आणि सोफ्यावर साहेब होऊन पुकारा तो करायचा. सवय लागली, दुसरं काय.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही आरोपी?"

"नाही साहेब, मी... मॉनिटर."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मॉनिटर मी तिसरीत होतो. नेरूळच्या शाळेत शिरवणे गावातला हा मित्र माझ्या शेजारी बसायचा. मी पुढे गेलो, तो तीन वर्षं तिसरीतच राहिला, मग घरीच. आता दोघेही पन्नाशीचे, तरी मला तो मॉनिटरच म्हणतो. सुटे शब्द त्याला कळतात, पण लांब प्रश्नाचं शेपूट सापडत नाही. मग तो समोरच्याचं तोंड बघतो आणि ‘हो’ म्हणतो.

उन्हात तापलेली गाडी त्याला बघवत नाही. एका दुकानापुढची कोणाची तरी सायकल त्याने ढकलत नेऊन देवळामागच्या सावलीत लावली. पोलिसांनी विचारलं, तू नेलीस? हो. चोरलीस? हो. जामीन मिळाला, पण केस उभी राहिली. त्याची म्हातारी आई माझ्या दारात आली. "माजा पोर चोर नाय रं. पन कोनी काय बी इचारलं तरी हो बोलतो. तू जा त्याच्यासंगती."

सरकारकडून मिळालेल्या वकीलबाईंनी मला बजावलं होतं, "त्यांना काही पढवू नका. मी बोलेन." मी मान डोलावली आणि घरी येऊन पढवायला बसलो. साहेबांपुढे तो उद्धट वाटू नये, एवढीच माझी काळजी.

तर साहेबांनी मला खाली बसवलं आणि त्याला विचारलं, "तुमच्यावर सायकल चोरल्याचा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी जिवाच्या आकांताने मान हलवली, पण नकाराची की होकाराची, ते आता मलाही सांगता येणार नाही. तो ताठ उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत म्हणाला, "हो साहेब."

हे कागदावर चढलं की माझा मित्र चोर ठरणार, तेही माझ्या शिकवणीने. वकीलबाई हातातला अर्ज घेऊन उठल्या. साहेबांनी त्यांना थांबवलं.

"सायकल तुम्ही चोरली नाही, बरोबर?"

"हो साहेब."

"म्हणजे चोरली?"

"हो साहेब."

"की मी चोरली?"

"हो साहेब," असं म्हणून तो गोंधळला. माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मॉनिटर, आज साहेब कोन हाय?"

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी टायपिस्टला म्हटलं, "ते कबुलीचं घेऊ नका," आणि अर्जासाठी हात पुढे केला. मग बरंच काही इंग्रजीत झालं. माझ्या कानात एकच शब्द शिरला, तारीख.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना विचारलं, "सुटला?"

"नाही."

"मग अडकला?"

"तेही नाही. माझा अर्ज मंजूर झाला. त्यांना केस कळते का, ते आधी डॉक्टर तपासतील. पुढचं त्यानंतर."

"म्हणजे चांगलं झालं?"

"झालं. तुमच्या कृपेने नव्हे."

एवढ्यात तो गेटजवळच्या उन्हातल्या स्कूटरकडे निघाला होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

घरी बायको मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आता त्याला ‘नाही साहेब’ शिकवतो."

"काही शिकवू नका," ती म्हणाली. "‘मला कळलं नाही’ म्हटलं तरी चालतं, तेवढं त्याला सांगा. आणि आधी तुम्ही म्हणून बघा. सव्वीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही मी तुमच्या तोंडून."