गारांखालचं लुगडं

आमचे पूर्वज हातात तलवार घेऊन झाशीला आले, असं बाबा मोठ्या तोऱ्यात सांगत. त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र झारी असे. रेल्वेच्या कचेरीत ते कारकून होते, आणि रेल्वेच्या वसाहतीत दर फाल्गुनात क्वार्टरांपुढच्या बागांची स्पर्धा भरे. गोरा साहेब बागा बघत हिंडे आणि एकाला चांदीचा मुलामा दिलेला कप देई. त्या कपापायी बाबांनी चार महिने 'स्वीट पी' नावाचा फुलांचा वेल लाडावून ठेवला होता. दिसायला वाटाण्यासारखा, पण शेंग खायची नाही! आईने कोथिंबिरीसाठी वीतभर जागा मागितली, तर म्हणाले, "साहेब काय म्हणेल?" आमच्या घरात देवाला कमी आणि साहेबाला जास्त विचारलं जाई.

स्पर्धेच्या दिवशीच दुपारी मोठ गावाच्या बाजूने आभाळ काळं होऊन आलं. पहिली गार अंगणात टणकन आपटली आणि बाबांची पाचावर धारण बसली. "काहीतरी लांबलचक दे, झाकायला!" असं ओरडत ते घरभर धावले. चादरी आखूड पडल्या. मग त्यांनी आईची ट्रंक उघडून तिचं चंदेरी लुगडं उपसलं. माहेरचं, तिच्याजवळचं एकुलतं एक भारी वस्त्र. माझ्या लग्नात मला नेसवायचं म्हणून तिने ते कितीदा तरी मला उलगडून दाखवलं होतं.

"अहो, ते नको! पोरीसाठी ठेवलंय!"

"सुकेल गं. नऊ वार आहे, अख्खा वाफा झाकतो बघ."

झाकला खरा. अंदाज चुकला नाही, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मी दारातून बघत होते. बोरांएवढ्या गारा. लुगडं भिजून जड झालं आणि ज्या वेलांना वाचवायचं, त्यांनाच घेऊन खाली बसलं. काठाजवळ भोकं पडत गेली. थोड्या वेळात सगळं अंगण पांढरंफेक झालं.

साहेब मात्र ठरल्या वेळी हजर. वसाहतीतल्या सगळ्या बागा आडव्या झालेल्या, पण त्याला काय त्याचं? त्याने मूठभर गारा उचलल्या आणि लहान पोरासारखा हसला. "देखो बाबू, बरफ! बिलकुल हमारा मुलुक का माफिक!" असं म्हणत तो बुटांसकट वाफ्यात उतरला. लुगड्यावर.

मी बाबांकडे पाहिलं. बाबाही हसत होते. "हां साहब, बहुत सुंदर!"

सुंदर! चार महिन्यांची मेहनत आणि आईचं लुगडं त्या बुटांखाली, आणि हे म्हणतात सुंदर. त्या क्षणी बाबा माझ्या मनातून उतरले ते उतरलेच. साहेबाचा मला तेवढा राग आला नाही.

साहेब गेल्यावर आईने लुगडं उचललं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. त्या वर्षी कप कुणालाच मिळाला नाही. माझ्या लग्नात मी साधं सुती लुगडं नेसले.

पण कप आला, पुढच्या वर्षी, गारा पडल्या नाहीत तेव्हा. बाबांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात मांडला. दर रविवारी तो चकचकीत करायला त्यांना मऊ फडकं लागे. आई निमूटपणे ट्रंक उघडून चंदेरीचा एक तुकडा टर्रकन फाडून देई, जरीच्या काठासकट. बाबा कप पुसत आणि खूश होऊन म्हणत, "वा! फडकं झकास आहे हं."