पथकाचं पातेलं

किस्से जपून ठेवावे लागत नाहीत. कागद जपावे लागतात, तंबू जपावे लागतात. त्यांना वाळवी आणि उंदीर. किस्से मात्र कोपऱ्यात पडल्या पडल्या वाढतात, ट्रंकेतल्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखे. चंदीगडच्या आमच्या मराठी स्काउट पथकाचं सामान वर्षानुवर्षं माझ्या घरी होतं, म्हणून किस्सेही माझ्याकडेच साठले. मी पिंजोरच्या कारखान्यात फिटर. शिक्षण चौथी. पथकातले बाकी पालक साहेब, आणि साहेबांची दर तीन वर्षांनी बदली. माझी कोणी केली नाही.

*

पथक काढलं लिमयेबाईंनी. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या ऑफिसात. पंजाब-हरियाणाची वाटणी नुकतीच झाली होती. चंदीगड कोणाचं, यावर मोठी माणसं भांडत होती. बाईंची चिंता वेगळी. सेक्टर बावीसमधली मराठी पोरं आईला "मम्मी, पानी दे यार" म्हणायला लागली होती.

बाईंनी पोरं गोळा केली, रविवारी मैदानात उभी केली आणि मराठीत हुकूम सोडले. पोरं मराठीत ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. महिन्याभरानं बाईंनी एकाला विचारलं, स्काउटचं ब्रीद काय?

त्यानं छाती काढून सांगितलं, "तयार राहा जी."

बाई म्हणाल्या, "चला, दोन तृतीयांश काम झालं."

*

चंदीगडचे रस्ते पट्टी धरून आखलेले. इथं माणूस हरवत नाही, असं साहेब लोक सांगतात. खरं आहे. हरवत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरात जातो. सरकारी क्वार्टर सगळी एकसारखी.

बाईंनी एकदा पोरांच्या हातात होकायंत्र दिलं आणि माग काढत आपल्या घरी जेवायला यायला सांगितलं. पोरांनी घराचा नंबर बरोबर गाठला. सेक्टर चुकला. दार एका सरदारणीनं उघडलं. गणवेशातली भुकेली पोरं पाहून तिनं काही विचारलं नाही, तवा चढवला. संध्याकाळी पोरं बाईंकडे पोचली तेव्हा वरणभात गार झालेला.

टोळीनायक म्हणाला, "बाई, पता गलत था, पर खाना पक्का सही था."

त्याला दिशाज्ञानाचा बिल्ला मिळाला नाही. पराठ्यांचा बिल्ला नसतो.

*

पहिलं शिबिर पिंजोरला. बाईंनी घरचं मोठं पितळी पातेलं आणलं, झाकणासकट. खिचडी शिजली आणि माकडं आली. पहाऱ्यावरच्या पोरानं झाकण उचललं आणि काठीनं बडवलं. माकडं पळाली. झाकण एका कडेला चेपलं. पण शेजारी तळ टाकलेल्या पंजाबी पथकाची पोरं ताटल्या घेऊन आमच्या चुलीपाशी ओळीत उभी राहिली.

त्यांचे मास्तर अगदी सभ्यपणे म्हणाले, "बहनजी, घंटी बजी थी."

बाईंनी सगळ्यांना वाढलं. आमच्या वाट्याला खरवड आली.

पुढे लिमयांची बदली शिलाँगला झाली. त्यांचं सामान बांधलं गेलं तेव्हा पातेलं दुसऱ्या एका शिबिरात अडकलं होतं. त्या शिबिराची देखरेख सप्रेसाहेबांकडे होती. सप्रे हिशेबखात्यातले, त्यांचे दोन्ही मुलगे पथकात. बाई गेल्या. पातेलं माझ्याकडे आलं. झाकण आलं नाही.

*

पथकातली पोरं मोठी झाली. एकाचं लग्न मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लागलं. वाढपाला पथकातलीच पोरं. मंगलाष्टकं झाली, गुरुजींनी आवाज चढवला, "शुभ मंगल सावधान."

वाढपाची सगळी ओळ टाचा जुळवून ताठ. ते एक वेळ चाललं असतं. पण अंतरपाटापलीकडचा नवरदेवही ताठ झाला. दोन्ही हात मांडीला चिकटलेले, मुठीतला हार जमिनीवर लोळतोय. मुलगी हार घेऊन वाट बघतेय.

गुरुजी बिचारे थकले. म्हणाले, "कोणीतरी याला विश्राम द्या. पुढचा मुहूर्त दुसऱ्यांचा आहे."

*

ऐंशी साल उलटल्यावर मंडळाला एकदम इतिहास आठवला. पथकाचं प्रदर्शन भरवायचं आणि हॉलमध्ये संस्थापकाच्या नावाचा बोर्ड लावायचा, असं ठरलं. नाव कोणाचं, यासाठी मीटिंग सप्रेसाहेबांच्या घरी. ते रिटायर होऊन इथंच राहिले होते. त्यांचा दावा असा, की पथकाचा पहिला अर्ज त्यांनी टाइप केला. विंग कमांडर घाटगे म्हणाले, पहिला झेंडा आपण आणला. घाटगे चंदीगडला आले तेव्हा पथकातल्या पहिल्या पोरांना मिशा फुटल्या होत्या.

मी म्हणालो, "पथक लिमयेबाईंचं. बोर्डावर नाव त्यांचं पाहिजे."

"पुरावा?" सप्रेसाहेब म्हणाले. "जाधव, इतिहास तोंडी चालत नसतो. मी इतकी वर्षं पथकाचा इतिहास या घरात जपलाय."

काय जपलंय ते दाखवलं नाही. मला तहान लागली. सप्रेवहिनींनी पाण्याच्या पिंपावरचं पितळी झाकण सरकवलं. मोठं होतं, एका कडेला चेपलेलं. पाणी गार होतं.

शेवटी घाटगेंना झेंड्याखालची खुर्ची मिळाली आणि सप्रेंना बोर्ड.

*

प्रदर्शनात माझ्याकडचं सामान मांडायचं होतं. सप्रेसाहेबांनी पातेलं पाहिलं आणि नाक मुरडलं. इतका काळा इतिहास लोकांना दाखवता येणार नाही, म्हणाले. चिंच लावून घासून घेतलं. काजळी निघाली तशी काठाखाली ठोकलेली अक्षरं वर आली : सौ. मालती लिमये.

मी म्हणालो, "घ्या पुरावा."

साहेबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. भांड्यावर नाव असलं म्हणजे कोणी संस्थापक होत नाही, म्हणाले. तसं असतं तर मुंजीत भांडी देणारी प्रत्येक आत्या कुठल्या तरी संस्थेची संस्थापक झाली असती.

साहेबांचं शिक्षण वाया गेलं नव्हतं. पातेल्याला हार घातला आणि पुढ्यात कार्ड ठेवलं : "देणगी – सौ. लिमये."

*

तो बोर्ड आजही मंडळाच्या माळ्यावर आहे, पडद्यासकट. पडदा अजून कोणी ओढलेला नाही. त्याचं कारण असं.

लिमयेबाईंचा मुलगा फौजेत. त्याची बदली इथल्याच जवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली. बदलीनं नेलं होतं, बदलीनंच आणलं. उद्घाटनाच्या दिवशी बाई हॉलमध्ये आल्या. केस पांढरे, चाल तीच. सप्रेसाहेब पडद्याची दोरी हातात धरून इतिहास कसा जपावा यावर बोलत होते.

बाई बोर्डाकडे गेल्याच नाहीत. सरळ पातेल्यापाशी गेल्या. हार काढून बाजूला ठेवला, आत डोकावल्या, बोटानं कल्हई तपासली. मग कार्ड वाचलं.

"देणगी?" त्या म्हणाल्या. "जाधवभाऊ, मी हे उसनं दिलं होतं. याचं झाकण कुठंय?"

भाषण थांबलं. माझ्याकडे बघून उपयोग नव्हता. मी फिटर माणूस, साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. साहेबांनी घसा साफ केला. काळाच्या ओघात काही ऐतिहासिक वस्तू गहाळ होतात, म्हणाले, पण समिती त्या झाकणाचा कसून शोध घेईल.

पहिल्या रांगेतून सप्रेवहिनी उठल्या.

"अहो, शोध कशाला? आपल्या पिंपावर आहे की."