शनिवारी त्याच फाट्यावर पिकअप जायचा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस आहे. नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट. बावीस वर्षं मुलांना लोलक आणि भिंगं काढून देतोय. कुणी भानामतीच्या गप्पा सुरू केल्या की "घड्याळ लावून मोजलं का?" असं विचारून बैठकीचा विचका करणारा तो मीच. आता मीच हे लिहायला बसलोय म्हणजे... जाऊ दे, वाचा.

घर लातूरला, नोकरी नांदेडला. सोमवारी पहाटे जायचं आणि शनिवारी दोनला सुटलो की परत. इतकी वर्षं एसटीनं केलं. मग दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतर, उदगीरच्या एका आडत व्यापाऱ्याची चौदा वर्षं वापरलेली डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. मागच्या सीटच्या फटीतून अजूनही तुरीचे दाणे निघतात.

गाडी घेतल्यावर पहिला फोन आक्काला केला. आक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर शेतात, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते हिनंच. तिला दिलेलं गाव याच रस्त्यावर आहे — नांदेडहून येताना लोहा सोडलं की थोड्या वेळानं एक फाटा लागतो, तिथून आत दीड किलोमीटर.

"आक्का, आता गाडी हाय. यंदा पंचमीला मीच येतो तुला न्यायला."

ती म्हणाली, "खरं? माझा मुराळी येणार?"

आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. आई-वडील गेल्यापासून मी एकदाही गेलो नव्हतो. दरवर्षी फोनवर "बसनं ये" म्हणून मोकळा व्हायचो. ती यायचीही बिचारी, गर्दीत उभी राहून, पिशवी सांभाळत.

जूनमध्ये गाडीनं नखरे सुरू केले. पहिल्यांदा वाटलं डिझेल संपलं. लोहा मागं पडलेलं, गाडी सत्तरनं मजेत चाललेली, आणि त्या फाट्याच्या अर्धा किलोमीटर अलीकडे पिकअपच गेला. पाय पूर्ण दाबलेला, इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा वर चाललाय आणि गाडी मात्र वीसच्या वेगानं रांगतेय! चौथ्यातून तिसरा टाकला, तिसऱ्यातून दुसरा... काही फरक नाही. मागचे ट्रकवाले शिव्या घालत पुढे गेले. फाटा ओलांडून पुढचा छोटा पूल आला आणि गाडी आपोआप सुटली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. सोमवारी नांदेडकडे जाताना मात्र काही नाही. मी पडलो लॅबवाला. एक वही केली आणि तारीख, वेळ, गिअर, वेग, इंजिनचं तापमान सगळं लिहायला लागलो. वेळ साधारण साडेतीनची. ठिकाण तर ठरलेलंच.

नांदेडला आमच्या कॉलेजमागं सलीमभाईंचं गॅरेज आहे. तीस वर्षांचा हात. त्यांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन गचका देऊन बंद पडलं.

"बघा साहेब," ते म्हणाले, "क्लचप्लेट घसरायली असती तर इंजिन चालूच ऱ्हायलं असतं. क्लच एकदम टाईट हाय."

स्कॅनर लावला, एकही फॉल्ट निघाला नाही. डिझेल फिल्टर बदलला, हवेचा पाइप काढून तपासला, ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर नवा घातला. शनिवारी फाट्यावर गाडी पुन्हा वीसवर.

शेवटी एका शनिवारी मी सलीमभाईंनाच शेजारी बसवून घेतलं, म्हटलं डोळ्यांनी बघा. तर त्या दिवशी गाडी फाट्यावरून ऐंशीनं गेली. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सलीमभाई अहमदपूरला उतरले, नांदेडच्या बसमध्ये चढता चढता म्हणाले, "गाडी तंदुरुस्त हाय साहेब. आता तुमचा पाय दाखवा कुण्या डॉक्टरला."

आठवड्यातून एकदा आक्काचा फोन असायचाच.

"गाडीला काय झालंय रे दत्ता?"

"पिकअप जायलाय. तुझ्याच फाट्यावर."

ती हसली. "मंग वळव की इकडं. चहा पी, तवर थंड हुईल गाडी."

"गाडी नीट होऊ दे आक्का, मग निवांत येतो."

हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, ते वहीत लिहिलेलं नाही. दीड किलोमीटर होतं हो फक्त. पण हात हलवत कसं जायचं, गेलो तर ती जेवल्याशिवाय सोडणार नाही, लातूरला पोचायला उशीर होईल... माझ्याकडे कारणं भरपूर होती. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडी. गाडीच्या रोगाचं निदान झाल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा मी हट्टाला पेटून गिअरबॉक्स खाली उतरवायला लावला. सलीमभाई नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जॅकवर, सगळे अवयव बाहेर. आक्काला फोन केला.

"गाडी उघडलीय. यंदा बसनंच ये. आता तर बायांना अर्धं तिकीट हाय."

"तिकिटाचं काय घिऊन बसलास," ती म्हणाली. "बसनं येता येतंय रे. पण न्यायला कुणी आलं म्हंजे गल्ली बघतीय." मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गाडी नीट हुऊ दे, मग जाऊ निवांत."

ती आली नाही. त्या दिवशी सलीमभाईंनी काढलेली जुनी प्लेट माझ्या हातात ठेवली. "अजून दोन वर्सं आरामात चालली असती ही," एवढंच म्हणाले. नवी प्लेट पडली आणि त्याच शनिवारी गाडी फाट्यावर परत रांगली.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दाजींचा फोन आला. चूल पेटवता पेटवता आक्काच्या छातीत कळ आली. लोह्याला दवाखान्यात पोचायच्या आत संपलं होतं.

मी तसाच नांदेडहून निघालो. फाटा आला. गाडीला काहीही झालं नाही. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, आणि एवढ्या सोप्या वळणासाठी मला किती दिवस लागले हे त्या मिनिटाला कळलं. घरात खुंटीला पंचमीची पिशवी भरलेली तशीच टांगलेली होती.

दहावा झाल्यावर दाजी आणि मी ओट्यावर बसलो होतो. दाजी मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "एक बरं करायचास दत्ता. फाट्यावर गाडी हळू करायचास."

मला काही समजेना. "कधी?"

"मिरगापासनं दर शनिवारी. ती दळण घिऊन फाट्यावरच्या गिरणीत जायची. दळण झालं तरी कठड्यावर बसून ऱ्हायची, तुझी पांढरी गाडी येईस्तवर. घरी येऊन सांगायची, पिकअपचं नुसतं निमित्त हाय, माझा भाऊ माझ्या फाट्याला गाडी हळू करतोय, आठवण काढतोय. हात पण करायची म्हणं. तुझं ध्यान नसायचं."

माझं ध्यान कुठं होतं ते मला चांगलं माहीत आहे. मी काट्याकडे बघत होतो. आरपीएम किती, वेग किती, तापमान किती. दहा-बारा फुटांवर माझी बहीण पिठाच्या डब्याजवळ बसून हात करत होती आणि मी रीडिंग घेत होतो.

"मला सांगायचं की दाजी..."

"मी म्हणलो तिला, फोन करून सांग, थांब म्हणावं. म्हणली, सांगून थांबला तर काय उपेग."

लॅबमधली सवय जात नाही. मी विचारलं, "एकही शनिवार चुकला नाही?"

"एक चुकला. आषाढात ताप आल्ता तिला. मीच गेल्तो दळण घिऊन. त्या दिवशी तू भुर्रकन निघून गेलास. तुझ्या बाजूला कुणी दाढीवाला बसला व्हता."

बाजूला दाढीवाला म्हणजे सलीमभाई. माझ्या वहीत 'फॉल्ट नाही' असं लिहिलेला तो एकच शनिवार.

माझी बायको म्हणते, तुमचं मन खात होतं म्हणून पायच ढिला पडत असेल. असेलही. पण आक्काला ताप आलाय हे माझ्या पायाला कुणी सांगितलं? सलीमभाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा ते फडक्याला हात पुसत गाडीपाशी गेले आणि बॉनेट लावून टाकलं. उत्तर शोधायचं म्हटलं तरी कुठून सुरू करू ते कळत नाही.

आक्का गेल्यापासून गाडीनं एकदाही तक्रार केलेली नाही. दर शनिवारी साडेतीनच्या सुमारास तो फाटा येतो. आता मी काट्याकडे बघत नाही, गिरणीच्या कठड्याकडे बघतो. पाय पूर्ण दाबतो आणि मनात म्हणतो, आज तरी हळू हो, एकदाच.

गाडी ऐंशीनं निघून जाते.