बोटांचं पिस्तूल

जुन्या कॉमिकच्या कागदाचा वास आला की मला अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची, २००२ मधली विमानतळावरची ती सकाळ आठवते. अमेरिकेत अल्फारेटाला आमच्याकडे राहून परतणाऱ्या बाबांना सोडायला मी भारतात निघालो होतो. त्यांच्या बॅगेत गराज सेलच्या जुन्या सामानात सापडलेलं काउबॉयचं कॉमिक होतं. या हिरोच्या गोष्टी ते लहानपणी नागपुरात वाचायचे. "व्हॉट इज धिस?" तपासणीवरच्या माणसाने विचारलं. इंग्रजी शब्द सुचेना, म्हणून बाबांनी हसत बोटांचं पिस्तूल त्याच्यावर रोखलं. तो झटकन मागे सरला. शेजारच्या पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. "बाबा, हात खाली," म्हणत मी त्यांचं मनगट करकचून दाबलं. पोलिसाने कॉमिकचं पान न् पान चाळलं आणि अखेर आम्हाला सोडलं. विमानात त्यांच्या मनगटावर वळ दिसले. "दुखतंय का?" मी विचारलं. "नाही रे," म्हणत त्यांनी बाही खाली ओढली. माझं सॉरी म्हणायचं राहिलं, ते कायमचंच.